रोवळीखालचा दिवा

आमच्या कार्यक्रमात सातव्या मिनिटाला अंधार होतो. ठरवून होतो. मी म्हणते, "आणि मग मुंबईला सांगण्यात आलं, दिवे घालवा," आणि सभागृहातले सगळे दिवे बंद होतात. पुढची तीन मिनिटं फक्त गिटार वाजते. त्या तीन मिनिटांत लोकांनी गुपचूप बसून महायुद्धाच्या दिवसांतली काळीकुट्ट मुंबई डोळ्यांसमोर आणायची, अशी आमची कल्पना.

कल्पना चांगली होती, पण पहिला प्रयोग लालबागला होता. दिवे गेले आणि दोन सेकंदांत शेदीडशे मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्या. तिघे जण खुर्च्या ढकलत मीटरबॉक्सकडे धावले. मागून एक बाई खणखणीत आवाजात सांगू लागल्या की समोरच्या चाळीत लाइट आहे, म्हणजे आपलाच फेज गेलाय. पहिल्या रांगेतल्या काकांनी माझ्या तोंडावर बॅटरी रोखली आणि "मॅडम, तुम्ही बोला, आम्ही उजेड धरतो," असा धीर दिला. आठ वर्षं मनात घोळवलेला माझा अंधार जेमतेम दोन सेकंद टिकला. मी इतकी चिडले की पुढचं वाक्यच विसरले. गिटारवाला मात्र हसत होता. हसत हसतच वाजवत होता.

नंतर गिरगावात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रयोग केला. तिथे अंधार झाल्यावर कुणी खाकरलंसुद्धा नाही. संपल्यावर एका गृहस्थांनी संदर्भग्रंथांची यादी मागितली. मला फार बरं वाटलं. गिरगावचे प्रेक्षक उत्तम आणि लालबागचे आगाऊ, असा निकाल मी त्या दिवशी देऊन टाकला. आता तो निकाल मी फिरवला आहे. का फिरवला, तेच सांगायचं आहे.

गिटारवाला माझा शाळेतला मित्र. लालबागला त्याचं मसाल्याचं दुकान आहे, दुकानाला लागून मिरची कुटायचा डंक. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मग वडिलांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि हा दुकानावर बसला. गिटार दुकानाच्या पोटमाळ्यावर गेली. तीस वर्षं तिथे तिने मिरची, धणे आणि दगडफूल यांच्या संगतीत काढली. आजही तो गिटार उचलतो तेव्हा पहिल्या रांगेतले दोन-तीन जण शिंकतात. मी त्याला म्हणते, तुझी नांदी झाली.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तिथे हे सगळं सुरू झालं. मी त्याच शाळेत इतिहास शिकवते, म्हणून मला 'जुनी मुंबई' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. वेळ बटाटेवड्याची, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं. मी युद्धकाळाबद्दल बोलत होते. गिरण्यांत खाकी कापड कसं विणलं जायचं, ते सांगत होते. इतक्यात माझ्या मागे धाड, धाड, धाड असा संथ ठेका सुरू झाला. हा गिटारच्या जाड तारेवर डंकाचा ठेका वाजवत होता. मला न विचारता. मी वळून डोळे वटारले. तो म्हणाला, "तू बोल ना. मी आहे मागे." मी बोलत राहिले आणि लोकांनी वडे खाली ठेवले. वीस वर्षं वर्गात शिकवताना माझ्यासाठी कुणी वडा खाली ठेवला नव्हता.

पुढे आम्ही सव्वा तासाचा कार्यक्रम बांधला. मी गोष्टी सांगायच्या, त्याने वाजवायचं. गिरणीचा भोंगा तो मसाल्याच्या डब्यातला स्टीलचा चमचा तारेवर सरकवून काढतो. चव्वेचाळीस सालचा गोदीतला स्फोट येतो तेव्हा मात्र काहीच वाजवत नाही. गिटारच्या पोटावर तळवा एकदाच आपटतो आणि थांबतो. लोक दचकतात, लहान मुलं आईच्या कुशीत शिरतात. लालबागच्या फजितीनंतर अंधाराआधी एक घोषणाही तोच करतो. "आता अंधार होईल. तो आम्हीच करतोय. कृपया कुणीही मदत करू नये." हशा पिकतो आणि अंधार टिकतो.

आता आत्याबद्दल.

आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. ती आणि मी घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आजोबांनी घेतलेल्या त्याच खोलीत. तिने लग्न केलं नाही, मीही केलं नाही. आमच्या घरात हे आडनावासारखं चालत आलंय. आत्या पालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती. अर्ध्या घोडपदेवला या जगात तिनेच ओढून काढलंय, असं ती स्वतः म्हणते. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे, तो कधी होतो ते बघायला मी थांबले आहे, असंही म्हणते. पाडायचीच आहे म्हणून चाळीचा जिन्यावरचा दिवा गेला तो कुणी बदलला नाही. रोज मी मोबाइलची बॅटरी लावून दोन जिने चढते.

या आत्याची एकच गोष्ट मला कधी कळली नव्हती. ती तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावत नाही. नास्तिक म्हणावी तर सकाळी पूजा करते, चतुर्थी धरते, गणपतीत पाच दिवस मोदक करते. पण संध्याकाळचा दिवा नाही. पूर्वी आजी लावायची, मग आई, आता मी. नोकरीत असताना आत्या दुपारची पाळी मागून घ्यायची. रात्री घरी यायची, तोवर दिवा लावून झालेला असायचा. म्हणून लहानपणी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कार्यक्रम सुरू झाले तेव्हा लक्षात आलं. प्रयोग साडेसहाला, म्हणजे दिव्याच्या वेळी मी दादरला नाहीतर परळला. मी निघताना वात घालून, तेल ओतून, काड्यापेटी शेजारी ठेवून जायचे. म्हणायचे, आत्या, फक्त काडी ओढ. घरी यायचे तर वात तशीच पांढरी, तेल तसंच. तीन-चारदा असं झालं. एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला नेमकं काय होतं एक काडी ओढायला? ती भाजी निवडत होती. वर न बघता मालवणीत म्हणाली, "मी नाय लावूचंय. तुका लावूचो आसा तर घराक ऱ्हव." मी रागाने शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या देवापुढचा दिवा शेजारीण लावू लागली आणि आमच्या दोघींच्या बोलण्यात थोडा तुटकपणा आला.

आत्या आमच्या कार्यक्रमालाही कधी आली नव्हती. ते ऐकायची कसली हौस, युद्ध मी बघितलंय, म्हणायची. मी तिला दोन-तीनदा त्या दिवसांबद्दल विचारलं होतं. ती उठून मोरीत जायची. त्यामुळे घोडपदेवच्या ज्या गोष्टी मी सांगते त्या मला आजीकडून मिळालेल्या आहेत. आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर संध्याकाळी दिवा लावला की ती मला मांडीशी बसवून सांगायची आणि मी शाळेच्या उरलेल्या वह्यांत लिहून ठेवायचे. आजीचा डावा डोळा त्या स्फोटात गेला होता. खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती, गोदीच्या बाजूने धूर दिसला म्हणून उठून बघायला गेली, आणि काच फुटली. ती हे अगदी सहज सांगायची, ताक सांडलं म्हणावं तसं.

आजीच्या गोष्टींपैकी एकीवर माझा कार्यक्रम उभा होता, असं म्हटलं तरी चालेल. युद्धात सक्त ताकीद होती, संध्याकाळनंतर बाहेरून उजेड दिसता कामा नये, नाहीतर जपानी विमानांना मुंबई सापडेल. पण तिन्हीसांजेचा दिवा न लावणं आजीला जमणारं नव्हतं. मग ती दिवा लावून त्यावर तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घालायची आणि रोवळीवर काळं फडकं. देवालाही दिवा मिळाला आणि सरकारलाही अंधार. हे सांगताना मी मंचावर खरीच रोवळी पालथी घालते. आत बॅटरीचा छोटा दिवा असतो.

पुढचा भाग विनोदी. चाळीत एक वॉर्डन होता, अंधार पाळला जातोय का ते बघणारा, गिरणीतलाच कारकून. सरकारने त्याला पत्र्याची टोपी दिली होती. ती घालून तो नळावर रांगेतसुद्धा उभा राहायचा. पुढे पुढे शहरात अंधाराचे नियम सैल झाले, पण आमचा वॉर्डन सैल झाला नाही. एका संध्याकाळी चाळीतल्या कुणा पोरीने दिवा उचलून चक्क जिन्याच्या तोंडाशी, उघड्यावर नेऊन ठेवला. वॉर्डन बोंबलत तिन्ही मजले फिरला. तुमच्या दिव्यामुळे उद्या बॉम्ब पडेल, मग बघा, म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गोदीत स्फोट झाला. इथे गिटारवरचा तळवा. मग शांतता. मग मी सांगते, सगळं घोडपदेव जीव घेऊन पळतंय, कापसाच्या जळत्या गाठी आभाळातून पडतायत, जपानने बॉम्ब टाकला म्हणून रडारड चाललीय, आणि आमचा वॉर्डन टोपी सावरत एकेक खोलीत डोकावून विचारतोय, "काल दिवा कुणी ठेवला होता? आधी ते सांगा!"

यावर लोक हमखास हसायचे. इतक्या भयंकर प्रसंगानंतर हसू आलं की त्यांना मोकळं वाटायचं. गिटारवालाही तिथे एक छोटी खट्याळ सुरावट वाजवायचा. मला त्या जागेचा फार अभिमान होता.

मग घोडपदेवला प्रयोग ठरला, आमच्याच चाळीच्या अंगणात, मंडळाच्या मंडपात. आत्याला न येण्यासाठी कारण उरलं नाही. खाली उतरायचे दोन जिने, तेही चार जण खुर्चीसकट उतरवायला तयार. ती पहिल्या रांगेत बसली, इरकली साडी नेसून. गिटार निघाली तेव्हा दोनदा शिंकली आणि म्हणाली, हा गाणं वाजवणार की फोडणी देणार? मंडप हसला. मला वाटलं, आजचा प्रयोग रंगणार.

अंधार झाला, मदत कुणी केली नाही. रोवळी झाली. वॉर्डन आला, जिन्यापाशी दिवा आला, स्फोट झाला. मी नेहमीसारखी टोपी सावरल्याचा अभिनय करून म्हटलं, "काल दिवा कुणी ठेवला होता? आधी ते सांगा!" सगळं अंगण खदखदून हसलं. आणि पहिल्या रांगेतून आत्या उठली. कुणाला हाक न मारता, हसणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांना हात लावत लावत रांगेबाहेर गेली. अंधाऱ्या जिन्याकडे वळली तेव्हा मला वाटलं, तिला बाथरूमला जायचं असेल. कार्यक्रम मी पुरा केला. टाळ्या घेतल्या. हे मला आजही टोचतं.

वर गेले तेव्हा आठही वाजले नव्हते. आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? ती भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "तो दिवो माझो होतो."

मला आधी काही उमगलंच नाही.

"मी ठेवलंय तो. सहा वर्साची होतंय. वॉर्डन म्हणालो बॉम्ब पडतलो, आणि पडलो. आवशीचो डोळो माझ्यापायी गेलो." आवशीचो, म्हणजे माझ्या आजीचा.

मी इतिहासाची शिक्षिका. मला वाटलं, हे तर माझ्या हातातलं काम आहे. मी तिच्या शेजारी बसून सांगू लागले की विमान नव्हतंच, बोटीत दारूगोळा होता, कापूस होता, आग बोटीतच लागली, आणि आत्या, दुपार होती गं, लख्ख उन्हात कुणाला दिवा दिसतो? ती शांतपणे ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, हे सगळं तिला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, पेपरात दर काही वर्षांनी येतंच. "डोक्याक म्हायत आसा गो. पण तिनसांज झाली काय हात पुढे येणा नाय."

त्या एका वाक्यात मला तिची सगळी वर्षं दिसली. मागून घेतलेल्या दुपारच्या पाळ्या. लग्नाचं निघालं की आईला कोण बघणार म्हणून दिलेला नकार. आजीच्या शेवटच्या वर्षांत तिने आजीचा तो मिटलेला डोळा रोज कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसला होता आणि आम्ही सगळे म्हणायचो, काय सेवा करते बघा. ती सेवा नव्हती, ती बिचारी इतकी वर्षं माफी मागत होती. आणि मी त्या गोष्टीवर टाळ्या घेत होते. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गिटारवाल्याला फोन करून सांगितलं, कार्यक्रम बंद. गिरगावचा दुसरा प्रयोग पंधरा दिवसांवर होता, तोही रद्द कर म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे डंक चालू होता तो त्याने बंद करायला लावला. मग म्हणाला, "बंद करू, टेन्शन नाही. पण एक सांग. तिने दिवा तिथे ठेवला कशाला?"

मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, काय झालं हे पाठ करू नका, का झालं ते विचारा. आणि एवढे प्रयोग करून हा प्रश्न मला सुचला नव्हता. माझ्या गोष्टीत ती नुसती 'एक पोर' होती.

संध्याकाळी तो घरी आला, अर्धा किलो मालवणी मसाला घेऊन. आत्याने मसाल्याचा वास घेतला, मिरची जास्त भाजलीस म्हणाली, आणि चहा टाक म्हणून मला पिटाळलं. मी ओट्याशी असताना त्याने सरळ विचारलं. "आत्या, दिवा जिन्यावर का ठेवलात तुम्ही?" मी असं विचारायला धजले नसते.

आत्या म्हणाली, "बापूस गिरणीतसून येय. आदल्या आठवड्यात काळोखात पडलो, गुडघो फुटलो. रोवळीखालचो दिवो देवाक दिसता, बापाशीक खय दिसता?" एवढं बोलून तिने विषय बदलला आणि त्याला दुकानाच्या जुन्या कामगारांची खबरबात विचारू लागली.

चहा उतू जात होता आणि मी तिथेच थिजले होते. कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. म्हणजे हेच नाही, पण याच्या शेजारचं. गॅस बंद करून मी माळ्यावरची ट्रंक काढली. वह्या निघाल्या. तिसऱ्या वहीत, माझ्या सातवीतल्या गोल गोल अक्षरात, वॉर्डनची गोष्ट होती. खाली आजीचं शेवटचं वाक्य तिच्याच बोलीत लिहिलेलं होतं. आणि कार्यक्रम लिहिताना त्यावर मीच पेन्सिलने काट मारली होती. शेजारी शेरा होता, 'विनोद पडतो. काढणे.'

वही घेऊन मी आत्यापुढे बसले. तिला म्हटलं, हे आजीचं आहे, तिने मला सांगितलेलं. आजी ही गोष्ट नेहमी इथेच संपवायची, मीच ते तोडलं. आणि वाचून दाखवलं. "वॉर्डन ओरडान ओरडान दमलो. पण त्या सांजेक तुझो आजो जिनो धड चढलो."

आत्याने हात पुढे केला. वही घेतली. चष्मा लावला नाही, त्यामुळे तिला अक्षर दिसणं शक्यच नव्हतं, तरी ती बोट ठेवून बघत राहिली.

"असा म्हणाली ती?"

मी म्हटलं, दर वेळी. आणि हसून म्हणायची. मला तेव्हा कळलं नव्हतं कशाला हसते.

"तिका म्हायत होता." मग बोट तसंच ओळीवर ठेवून, "मगे माका कित्याक नाय सांगल्यान?"

आजीला वाटलं असेल, पोर लहान होती, विसरली. आत्याला वाटत होतं, आईला ठाऊकच नाही. स्फोटानंतरची सगळी वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या, आणि एक ज्या गोष्टीसाठी कौतुक करत होती त्याच गोष्टीसाठी दुसरी झुरत होती. आजी ती गोष्ट सांगायची दिव्याच्या वेळी, आणि दिव्याच्या वेळी आत्या कधी घरी नसायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिटारवाला खिडकीतून उगाचच खाली बघत होता. आत्या मात्र रडली नाही. वही मिटून उशीखाली ठेवली आणि म्हणाली, चहा उतू घालवलास ना.

निघताना गिटारवाल्याने गिरगावच्या प्रयोगाचं विचारलं, तेही मला नाही, तिला. ती म्हणाली, कार्यक्रम करा, वॉर्डनही राहू दे, तो होताच तसला. फक्त पुढचं गाळू नका.

दिव्याबद्दल मी काही बोलले नाही. वातीशेजारी काड्यापेटी ठेवणंही बंद केलं. मी घरी असले की मी लावत होते, ती नेहमीसारखी तेवढ्यापुरती मोरीत जात होती. मी मनाशी म्हटलं, वह्या वाचून ऐंशी वर्षांच्या सवयी जात नसतात, आपण शिक्षकी आशा धरू नये.

गिरगावचा प्रयोग एका शनिवारी साडेपाचला झाला, खिडक्यांना काळे पडदे लावून. पूर्वीचेच शांत प्रेक्षक. अंधार झाला, रोवळी झाली. वॉर्डनवर लोक हसले, पण या वेळी गिटारवाल्याने ती खट्याळ सुरावट वाजवली नाही. हसू ओसरू दिलं. मग एकेक तार छेडत खालून वर जाणारे सूर वाजवू लागला, सावकाश, कुणी दमलेला माणूस पायऱ्या चढावा तसे. आमचं हे ठरलेलं नव्हतं. मी सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, बापाचा गुडघा सांगितला, आणि आजीचं वाक्य तिच्याच बोलीत म्हटलं. कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या अंधारात कुणीतरी हळूच मोबाइलची बॅटरी लावली आणि वर धरली. मग आणखी एकाने. मग बऱ्याच जणांनी. गिरगावात हे झालं. आणि मला लालबागची ती संध्याकाळ आठवली. त्या काकांचं "आम्ही उजेड धरतो" आठवलं. त्या माणसांना मी आगाऊ म्हटलं होतं.

गिटारवाल्याने टॅक्सीने मला चाळीच्या तोंडाशी सोडलं. साडेसात वाजले असतील. अंगणात पोरं क्रिकेट खेळत होती. वहिनी खाली नळापाशी भेटल्या. म्हणाल्या, आज दिवा लावायला गेले तर आत्यांनी मला परत पाठवलं, तुझा काही निरोप होता का? मी नाही म्हटलं आणि जिन्याकडे गेले.

सवयीने मोबाइल काढला, पण बॅटरी लावावी लागली नाही. पहिल्या वळणावरच पायऱ्या दिसत होत्या, पिवळट, हलत्या. झिजलेली चौथी पायरी दिसत होती, कठडा दिसत होता. वर, दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, आमच्या देव्हाऱ्यातली समई जमिनीवर ठेवलेली होती. वारा लागू नये म्हणून आत्या तिच्या बाजूला खुर्ची टाकून पदर आडवा धरून बसली होती. मला बघून म्हणाली, किती उशीर, हात भरून आला माझा.

मी जिना धड चढले.